गोव्याच्या सीझनसाठी वेटर-स्टुअर्डचा रिझ्युमे: दुकानात येण्याआधी हे वाचा

गणपती झाले की आमच्या दुकानात रोज पाच-सहा जण तरी एकच काम घेऊन येतात. मोबाइलवर मित्राचा रिझ्युमे उघडून दाखवतात आणि म्हणतात, "काका, ह्यातला नाव तेवढा बदला." सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, कुडाळ, सगळीकडची मुलं ऑक्टोबरात गोव्याला निघतात. घाई आम्हाला कळते. तरी आम्ही नुसतं नाव बदलून देत नाही, आणि त्यावरून रोज कुणीतरी नाराज होतं. म्हणून हा कागद.

पूर्वी आम्हीही नाव बदलून द्यायचो. एका मुलाचं नाव बदललं, फोन नंबर बदलला, पण खाली कोपऱ्यात मित्राचा ईमेल तसाच राहिला. रेस्टॉरंटने मुलाखतीचा मेल पाठवला तो मित्राला. त्याने तो आठ दिवसांनी उघडला, तोवर जागा भरली होती. त्या मुलाचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

दुसऱ्याचा मित्र पंचतारांकित हॉटेलात होता, त्यामुळे रिझ्युमेत मायक्रोस सॉफ्टवेअरवर बिलिंग केल्याचं लिहिलेलं होतं. हा स्वतः शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या रेस्टॉरंटमध्ये, हाताने केओटी (किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) लिहिणारा. मॅनेजरने त्याला मशीनसमोर उभं केलं आणि म्हणाला, "टेबल 6 ची केओटी काढून दाखव." मुलगा कामाला चांगला होता, ताटं उचलण्यात, गिऱ्हाईक सांभाळण्यात कुठेच कमी नव्हता. पण त्या एका ओळीमुळे त्याचं बाकीचंही कुणी ऐकून घेतलं नाही.

शिवाय मॅनेजरच्या हातात एकाच दिवशी तेच "हार्डवर्किंग, ऑनेस्ट, पंक्चुअल" लिहिलेले सात-आठ कागद येतात. त्यातला तुमचा कुठला, हे त्याला कसं कळणार?

म्हणून आम्ही तुम्हाला वीस मिनिटं बसवतो आणि प्रश्न विचारतो. परवा एक मुलगा आला. दोन सीझन केलेला, पण रिझ्युमेत एकच ओळ: वेटर म्हणून काम केले. मी विचारलं, किती टेबलं सांभाळायचास? "कधी चार, कधी सहा." एकूण सीट किती? "साठ." ऑर्डर कशावर घ्यायचास? "पेटपूजावर, टॅबमध्ये." (पेटपूजा म्हणजे रेस्टॉरंटचं बिलिंग सॉफ्टवेअर.) रात्रीचा कॅश हिशोब कोण करायचं? "कॅप्टन सुट्टीवर असला की मीच." (कॅप्टन म्हणजे वेटरांचा प्रमुख.) दुसऱ्या वर्षी परत कसा गेलास? "मालकानेच फोन केला."

हे शेवटचं त्याला सांगण्यासारखं वाटतच नव्हतं! त्याच मालकाने दुसऱ्या सीझनला स्वतःहून बोलावणं, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट या धंद्यात नाही. ती ओळ आम्ही सगळ्यात वर घेतली. त्याखाली 60 सीटचं रेस्टॉरंट, 4 ते 6 टेबलांचा सेक्शन, पेटपूजावर ऑर्डर आणि बिलिंग, कॅप्टन नसताना कॅश क्लोजिंग. सगळं त्याचंच, आम्ही फक्त विचारलं.

आपल्या भागातल्या मुलांकडे आणखी एक गोष्ट असते, ती कुणीच लिहीत नाही. मासे. गोव्यात बऱ्याच ठिकाणी मासे बर्फावर मांडलेले असतात, गिऱ्हाईक स्वतः निवडतं आणि वेटरला वजन, भाव, कसं करून मिळेल ते सांगावं लागतं. सुरमई म्हणजे किंगफिश, काट्याला भिणाऱ्या पाहुण्याला काय द्यायचं, तिसऱ्या (शिंपल्या) हे शेलफिश आहेत म्हणून शेलफिशची ॲलर्जी असलेल्याला आधीच विचारायचं, हे शहरातून आलेल्या मुलाला शिकवावं लागतं. तुम्ही ते घरी शिकून आलेले असता. फिश डिस्प्लेवर उभे राहिला असाल तर आवर्जून सांगा.

भाषांचंही तसंच. मालवणी बोलणाऱ्याला कोंकणी समजते, थोडी बोलताही येते, ते लिहायचं. इंग्लिश ऑर्डर घेण्यापुरती येत असेल तर तेवढंच लिहायचं; "फ्लुएंट" लिहिलं की मुलाखत इंग्लिशमध्येच सुरू होते. गोव्यात मोरजीकडे, जिथे रशियन पाहुणे बरेच असतात, काम करून रशियन आकडे आणि चार वाक्यं शिकला असाल तर तीही सांगा.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी घाबरू नये. लग्नाच्या केटरिंगला गेलात, दोन-तीनशे माणसांच्या पंगतीत वाढलंत, घरची खानावळ सांभाळलीत, तर तो अनुभवच आहे. फक्त आकडा आणि महिना आठवून या. खोटा अनुभव मात्र आम्ही टाइप करत नाही, कितीही आग्रह केलात तरी.

जून ते सप्टेंबरच्या गॅपची बऱ्याच जणांना काळजी असते. प्रत्येक नोकरीपुढे "ऑक्टोबर ते मे, सीझन" लिहिलं की गोव्यातल्या मॅनेजरला वेगळं काही सांगावं लागत नाही.

लग्नाच्या बायोडेटातलं सामान इथे नको. जात, वडिलांचा व्यवसाय, उंची, रास आम्ही काढतो. आधार नंबरही लिहीत नाही. हा कागद कुणाकुणाच्या फोनवर फिरेल सांगता येत नाही. फोटो हवाच असेल तर साधा शर्ट, दाढी-केस नीट, मागे भिंत. गॉगल लावलेला किंवा बाइकवरचा फोटो कापून लावायला सांगू नका. सगळं एका पानात बसवतो, कारण गर्दीच्या वेळी दुसरं पान कुणी उलटत नाही.

येताना काय आणायचं? आधी काम केलेल्या जागांची नावं, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, सीट आणि टेबलं किती, आणि स्वतःचा चालू ईमेल (पासवर्ड आठवत असलेला). ओळख म्हणून जुन्या कॅप्टनचा नंबर द्यायचा असेल तर आधी त्याला विचारून या. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी असा एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नियम आहे. यंदाचं सर्टिफिकेट असेल तर आणा, तेही लिहू. महाराष्ट्रात परमिट रूमला काम करून तुमच्या नावे नोकरनामा (तिथे काम करण्यासाठी उत्पादन शुल्क खात्याचा परवाना) निघाला असेल तर तोही सांगा.

रिझ्युमे इंग्लिशमध्ये होतो, पण छापण्याआधी एकेक ओळ आम्ही मराठीत वाचून दाखवतो. मुलाखतीत प्रश्न त्यावरच येतात, तेव्हा आपल्या कागदावर काय लिहिलंय ते आपल्याला समजलंच पाहिजे.

दर 150 रुपये, त्यात पाच प्रिंट आणि व्हॉट्सॲपवर पीडीएफ. बाजूला 30 रुपयांत नाव बदलून मिळतं हे आम्हाला माहीत आहे. आमच्याकडे तुमची फाइल जपून ठेवलेली असते. पुढच्या सीझनला फक्त नवीन काम वाढवायचं, त्याचे 40 रुपये. आमच्या टायपिंगची चूक निघाली तर दुरुस्ती कधीही फुकट.

शक्यतो गणपतीच्या आधी या, दुपारी 2 ते 5 मध्ये. तेव्हा दुकानात गर्दी नसते आणि बसून नीट बोलता येतं.