गॅरेजचा दरवाजा घेताना पहिला प्रश्न वजनाचा

चौकशीला येणारे बहुतेक जण आधी रंग आणि डिझाइन विचारतात. साहजिक आहे, घराच्या दर्शनी बाजूला सगळ्यात मोठा दिसतो तो हाच दरवाजा. पण आमची कळकळीची विनंती आहे, की आधी दोन गोष्टी विचारा. दरवाजाचं वजन किती, आणि ते पेलायला स्प्रिंग कोणती?

दोन गाड्यांचा वर सरकणारा पोलादी दरवाजा शंभर किलोच्या घरात सहज जातो. तरीही तो एका हाताने उचलता येतो, कारण सगळा भार स्प्रिंग घेते. दरवाजाला जोडलेली विजेची मोटार नुसती सरकवण्याचं काम करते. स्प्रिंग कमी ताकदीची बसवली, तर उरलेलं ओझं मोटारीच्या गळ्यात पडतं आणि मग दर वर्षी मोटार दुरुस्तीला येते.

नेहमीची स्प्रिंग साधारण 10,000 वेळा उघड-बंद होण्याच्या हिशेबाने बनवतात. दिवसातून चारदा दरवाजा वापरलात, तर ती सात वर्षं पुरत नाही. घरात दोन गाड्या आणि मुलांच्या सायकली असतील तर हेच दिवस निम्म्यावर येतात. अशा घरांना आम्ही 20,000 किंवा त्याहून जास्त फेऱ्यांची स्प्रिंग घ्यायला सांगतो. पैसे वाचवायचे असतील तर ते नक्षीवर वाचवा.

रुळांच्या कडेने ताणलेल्या स्प्रिंगा असतील, तर प्रत्येकीच्या पोटातून सुरक्षा-तार गेलेली आहे ना, हे स्वतः वाकून बघा. ही तार नसेल आणि स्प्रिंग तुटली, तर तिचा तुकडा गॅरेजभर कुठेही उडू शकतो.

बसवून झाल्यावर कारागीर निघायच्या आत एक गोष्ट करून घ्या. दरवाजा पूर्ण खाली असताना मोटारीच्या यंत्रणेची लाल दोरी ओढून दरवाजा मोटारीपासून सोडवा, दरवाजा हाताने कमरेइतका उचला आणि अलगद सोडा. तो जागच्या जागी थांबला पाहिजे. धाडकन खाली आला किंवा आपोआप वर पळाला, तर तोल जुळलेला नाही. मात्र स्प्रिंगला स्वतः पाना लावू नका. तिच्यातला ताण हाडं मोडण्याइतका असतो.

विजेच्या मोटारीवर चालणारा दरवाजा असेल तर वाटेत कुणी आहे का हे ओळखणारे सेन्सर जमिनीपासून 15 सेंमीच्या आतच हवेत. ते गुडघ्याच्या उंचीवर बसवले, तर रांगणारं मूल त्यांच्या खालून जातं आणि दरवाजाला त्याचा पत्ताच लागत नाही. अमेरिकेत 1993 पासून घरगुती मोटारींना अडकण्यापासून संरक्षण देणारी अशी यंत्रणा सक्तीची आहे. शिवाय महिन्यातून एकदा चार सेंमी जाडीची फळी उंबऱ्यावर आडवी ठेवून दरवाजा लावा. फळीला टेकल्यावर दोन सेकंदांत तो परत वर गेला पाहिजे. नाही गेला, तर दुरुस्ती होईपर्यंत मोटार बंद ठेवा. रिमोट दर वेळी कोड बदलणारा घ्या. जुन्या पद्धतीच्या ठरावीक कोडची नक्कल करता येते.

पत्र्याच्या बाबतीत गेजचा, म्हणजे जाडी सांगणारा, आकडा फसवा असतो. आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. 28 गेजला चेंडू लागला तरी पोचा पडतो, 24 गेज बराच तग धरतो. रंगाखाली जस्ताचा थर आहे का, तेही विचारा, समुद्राजवळ राहत असाल तर नक्कीच. गंज बहुधा खालच्या कडेपासून चढतो, कारण पाणी तिथेच साचतं. म्हणून तळाची रबरी पट्टी चिरली की लगेच बदला. बिजागऱ्या, चाकं आणि स्प्रिंग यांना वर्षातून दोनदा तेल द्या. रुळांना ग्रीस लावू नका, त्यावर धूळ बसून चाकं अडतात. रूळ कोरड्या फडक्याने पुसले की पुरे.

आमच्याकडे येताना दारासाठी सोडलेल्या मोकळ्या जागेची रुंदी आणि उंची मोजून आणा. दाराच्या वरच्या कडेपासून छतापर्यंत किती जागा आहे, तेही लिहून आणा. साधारण 30 सेंमी असेल तर नेहमीचे रूळ बसतात. त्याहून कमी असेल तर वेगळी जोडणी लागते, आणि ते आधी कळलं तर भिंत फोडावी लागत नाही.