सर्व्हर चालू आहे, मग मोबाईलवर का उघडत नाही?

सर्व्हर सुरू केला, आपल्याच ब्राउझरमध्ये पेज मस्त उघडलं, पण त्याच वायफायवरच्या मोबाईलवर बघितलं तर 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. मग फायरवॉल बंद करा, राउटर रीस्टार्ट करा असं सगळं सुरू होतं, आणि कारण बऱ्याचदा एका ओळीत असतं, सर्व्हर कुठल्या पत्त्यावर बाइंड केलाय, म्हणजे ऐकायला बसवलाय, त्या ओळीत.

१२७.०.०.१ म्हणजे मशीनचा स्वतःशीच बोलायचा पत्ता, लूपबॅक. त्यावर पाठवलेलं पॅकेट नेटवर्क कार्डपर्यंत जातच नाही, कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ते आतल्या आत फिरवून परत देतो, त्यामुळे वायफाय बंद केलं तरी हे चालूच राहतं. आणि हा एकच पत्ता नाही बरं का, १२७ ने सुरू होणारे सगळेच, १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते या कामासाठी राखून ठेवलेत! लिनक्सवर १२७.५.५.५ ला पिंग करून बघा, उत्तर येतं. हे झालं जुन्या आयपीव्ही४ पत्त्यांचं, नव्या पद्धतीच्या आयपीव्ही६ मध्ये मात्र एकच, ::१.

आता बाइंड. सॉकेटची, म्हणजे प्रोग्रामने नेटवर्कशी बोलायच्या जोडणीची, ही पद्धत १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समधून आली आणि अजून तशीच वापरतो आपण. बाइंड करताना प्रोग्राम कर्नलला सांगतो की या पत्त्यावर, या पोर्टवर (पत्त्यावरच्या दाराचा क्रमांक म्हणा) जे येईल ते माझं. १२७.०.०.१ वर बाइंड केलं असेल आणि मोबाईलने १९२.१६८.१.५ ला, म्हणजे समजा तुमच्या मशीनच्या वायफायवरच्या पत्त्याला, हाक मारली, तर कर्नलला त्या पत्त्यावर ऐकणारं कोणी सापडत नाही आणि तो तिथूनच नकार पाठवतो, तुमच्या प्रोग्रामला कळतसुद्धा नाही. म्हणून लॉगमध्ये काहीच दिसत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. बाइंडमध्ये *कोणी यायचं* ते नाही ठरत, *आपल्या कुठल्या पत्त्यावर* ऐकायचं ते ठरतं. काहीजण तिथे समोरच्या मशीनचा आयपी टाकतात, मग 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस' येतं, कारण तो पत्ता आपला नाहीच ना. ०.०.०.० म्हणजे आपले असतील तेवढे सगळे आयपीव्ही४ पत्ते, लूपबॅक धरून.

डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात (कंटेनरमध्ये) चालवायच्या साधनात, हेच जास्त छळतं, कारण प्रत्येक कंटेनरचा लूपबॅक सहसा वेगळा असतो, आत १२७.०.०.१ वर बसलेला सर्व्हर पोर्ट उघडूनही बाहेर दिसत नाही, तिथे आत ०.०.०.० लागतं. आणि कधीकधी 'लोकलहोस्ट' (स्वतःच्या मशीनचं नाव) लिहिलं की ते ::१ कडे जातं, सर्व्हर बसलेला असतो १२७.०.०.१ वर, दोघांची भेटच नाही.

पण म्हणून सगळीकडे ०.०.०.० टाकत सुटू नका, कळकळीने सांगतो. डेटाबेस फक्त त्याच मशीनवरच्या अ‍ॅपला लागत असेल तर तो लूपबॅकवरच ठेवा, बाहेरच्याला पासवर्ड विचारायची वेळच येत नाही. नक्की काय ऐकतंय ते बघायला लिनक्सवर 'एसएस -एलटीएन' (ss -ltn) ही कमांड चालवा, पोर्टच्या आधी लिहिलेला पत्ता वाचा.