आयडलला गाडी बंद पडते? टाकी उपसायची घाई नको

‘पेट्रोलात पाणी गेलंय!’ पावसाळ्यात चिपळूणपासून मालवणपर्यंत गाडी आयडलला, म्हणजे इंजिन चालू ठेवून उभ्या उभ्या, बंद पडली की हेच निदान. पण पाणी असेल तर परशुराम घाट चढतानाही ती सहसा झटके देणारच. पळताना ठणठणीत आणि एसटी स्टँडच्या गर्दीत थांबल्यावरच मान टाकत असेल, तर आधी थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग, उघडा. आयडलला आतली चकती केसभरच उघडी असते; कडेला काळा कार्बन साचला की तेवढीही हवा मिळत नाही. व्हॅक्यूम पाइपाला (इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या बाजूला जोडलेल्या नळीला) चीर गेली तर उलट जादा हवा शिरते. आपल्या खाऱ्या वाऱ्यात सेन्सरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो, तोही बघाच. आणि स्क्रू पिळून आयडल वाढवणं? ते कार्ब्युरेटरच्या जमान्यातलं. फ्युएल इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत आयडल ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरच ठरवतो.