गोल्फ मैदान, नैसर्गिक चढउतारांचे

जमिनीचे मूळ चढउतार, ओघळ, झाडोरा आणि गवत शक्य तितके जसेच्या तसे राखून, त्यांच्याच आधाराने आखलेले गोल्फचे मैदान. इथे आखणाऱ्याचे पहिले काम पायी हिंडून जागा हेरण्याचे असते. चेंडू मारायला सपाट माथा (टी), मधला मोकळा पट्टा (फेअरवे) आणि शेवटी बारीक कापलेल्या गवताचे ग्रीन, त्यात 108 मिमी. व्यासाचा होल. टीपासून ग्रीनपर्यंतच्या या सगळ्या पट्ट्यालाही होलच म्हणतात. असे 18 होल बसवायला साधारण 120 ते 180 एकर जमीन लागते. विदर्भात हा खेळ शहर आणि छावणीबाहेर फारसा गेलेला नाही. मात्र खेड्यापाड्यांतली जमीन या प्रकाराला कितपत मानवेल, हे पाहण्याजोगे आहे.

या प्रकाराचा मूळ नमुना स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचे जुने मैदान. समुद्रकाठची ती वाळवट जमीन शेतीच्या उपयोगाची नव्हती. तिथे मेंढ्या चरत आणि सशांची बिळे असत. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी जिथे जमीन उकरली, तिथे पुढे वाळूचे खड्डे, म्हणजे बंकर, झाले असे सांगतात. 1764 मध्ये तिथल्या 22 होलचे 18 करण्यात आले आणि पुढे तोच आकडा सर्वत्र रूढ झाला. आजही ते मैदान एरवी रविवारी खेळाला बंद असते आणि लोक त्यावर फिरायला येतात. अलीकडचे ठळक उदाहरण अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातले सँड हिल्स (1995). समुद्रापासून दूर असलेल्या त्या गवताळ टेकड्यांत आखणी करणाऱ्यांना शंभराहून अधिक होलच्या जागा आयत्या सापडल्या. अवघड काम त्यांतून 18 निवडण्याचे होते.

पश्चिम विदर्भाची जमीन बेसाल्टची. टेकडीच्या उतारावर उथळ, मुरमाड बरड आणि खाली नाल्याकडे भारी काळी माती, हा क्रम गावोगाव दिसतो. गोल्फला बरडच बरे. पाणी लगेच निचरते आणि टणक मुरमावर टप्पा पडलेला चेंडू दूरवर घरंगळत जातो. काळी माती पावसात फुगते, चिकटते आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. पूर्व विदर्भात भंडारा, गोंदियाकडे मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातले) तलाव आहेत. त्यांच्या काठाने आखलेला होल देखणा होईल, पण त्या पाण्यावर धान पिकते हे विसरून चालणार नाही. चिखलदऱ्याचे पठार सुमारे 1,100 मी. उंचीवर असल्याने तिथला उन्हाळा सुसह्य असतो, तरी भोवती मेळघाटचा व्याघ्रप्रकल्प असताना तिथे मैदानाचे नाव न काढलेले बरे.

गवताची गोष्ट गमतीची आहे. उष्ण प्रदेशात फेअरवेसाठी जगभर जे गवत लावतात, ती आपली हराळीच. शेतकरी उन्हाळी नांगरटीत तिच्या काशा वेचून धुऱ्यावर फेकतो, मैदानाचा माळी तिलाच खतपाणी घालतो. ग्रीनवर तिच्या बुटक्या संकरित जाती लावतात; त्यांना उन्हाळ्यात ओलीत सोडवत नाही. जिथे प्यायलाच टँकर येतो, तिथे हा हट्ट शोभत नाही. कोरड्या मुलखात यावर जुना तोडगा आहे: ग्रीनऐवजी ‘ब्राऊन’. तेल कालवलेली वाळू चोपून बसवतात आणि चेंडू होलकडे ढकलण्याआधी तिच्यावरून फळी ओढून वाट सारखी करून घेतात. कोरडवाहू विदर्भाला हाच मार्ग परवडेल. जमीन कोणाची, हा प्रश्न त्याहून नाजूक. मोकळा माळ दिसला तरी तो बहुधा गावाचा ई-क्लास असतो, म्हणजे गुरांच्या चराईचा. त्याला कुंपण घातले तर गुराख्याने जायचे कुठे?

खेळायचा हंगाम दिवाळीपासून फाल्गुनात पळस फुलेपर्यंत. पुढे पारा 45 अंशांकडे सरकतो आणि सकाळचे दोन तासच हाती राहतात. अशा मैदानावर ताकदीपेक्षा उताराचा अंदाज कामी येतो. चेंडू पायांपेक्षा उंचावर असला तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फटका डावीकडे वळतो, खाली असला तर उजवीकडे. चढावर मारलेला चेंडू उंच उडून अलीकडेच पडतो, म्हणून एरवीपेक्षा लांब पल्ल्याची काठी घ्यावी लागते (पिशवीत जास्तीत जास्त 14 काठ्या चालतात). बरडावर थेट ग्रीनवर चेंडू टाकला तर तो उसळून पलीकडे जातो. अलीकडे टप्पा देऊन घरंगळत नेणे शहाणपणाचे.

नियमांतही जमिनीचा विचार आहे. पावसाळी मातीत स्वतःच्याच टप्प्याने रुतलेला चेंडू विनादंड उचलता येतो. नुसती माती चिकटली असेल तर मात्र ग्रीनवर पोचेपर्यंत तो तसाच मारायचा. भेगेत गेलेल्या चेंडूला आपोआप सवलत नाही; मैदानाच्या समितीने ती जागा आधीच ‘दुरुस्तीखालील’ ठरवली असेल तरच मिळते. चेंडूजवळ नाग किंवा घोणस असेल तर धोकादायक प्राण्याच्या नियमाखाली विनादंड दुसरीकडे, पण होलच्या जवळ न जाता, चेंडू टाकता येतो. कुसळीच्या गवतात गेलेला चेंडू शोधायला 3 मिनिटे मिळतात. तेवढ्यात सापडला नाही तर एका फटक्याचा दंड घेऊन आधीच्या जागेवरून पुन्हा मारायचे, आणि विजारीला चिकटलेली कुसळे घरी जाऊन काढत बसायचे.