रक्ताचा परतीचा घाट

आमची आत्या बत्तीस वर्षं इंदूरच्या एका शाळेत फळ्यापुढे उभी राहिली. आता रामबागेतल्या घरात ती संध्याकाळी पाय स्टुलावर ठेवून बसते, तेव्हा पोटऱ्यांवरच्या निळ्या, पिळवटलेल्या शिरा दिव्याच्या उजेडात दोरखंडासारख्या दिसतात. डॉक्टरांनी घट्ट मोजे दिलेत आणि रोज चालायला सांगितलंय. यावर आत्याचं म्हणणं असं: ‘‘पाय भरून येऊन राहिलेत म्हणून बसले, तर म्हणतात बसू नका, चाला. अरे, पंप तर हृदय आहे ना? मग त्याचं काम माझ्या पायांनी का करायचं?’’

प्रश्न अगदी रास्त आहे. शाळेत आपण हृदयाचे चार कप्पे रंगवतो, लाल बाण काढतो, निळे बाण काढतो. निळा बाण तळपायापासून छातीपर्यंत कसा चढतो, हे मात्र कुणी विचारत नाही.

पंप म्हणजे काय हे इंदूरकराला सांगायला नको. १९७८ साली नर्मदेचं पाणी शहरात आलं, ते मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटर लांबून, विंध्याचा घाट पंपांनी चढवून. पण त्या पाण्याचा प्रवास एकतर्फी आहे. नर्मदा स्वतः अरबी समुद्राला जाते. आपण वापरलेलं तिचं पाणी मात्र कान्ह नदीतून क्षिप्रेत, तिथून चंबळ, यमुना, गंगा असं करत बंगालच्या उपसागराकडे निघतं. जलूदला त्यातलं काही परत येत नाही.

रक्ताचंही असंच असतं, असं वैद्यकाने जवळजवळ १४०० वर्षं मानलं. दुसऱ्या शतकातल्या गेलेनची शिकवण अशी, की यकृत अन्नापासून रक्त बनवतं, ते शरीरभर जातं आणि तिथेच खपतं. लंडनच्या विल्यम हार्वेने १६२८ साली हे मोडून काढलं, तेही साध्या गुणाकाराने. हृदयाच्या एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडतं याचा त्याने मुद्दाम कमी अंदाज धरला आणि ठोक्यांनी गुणलं. आजचे आकडे घेऊन करून पाहा. ठोक्याला साधारण ७० मिलीलिटर, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे मिनिटाला ५ लिटर. दिवसाचे झाले ७,२०० लिटर. पाच हजार लिटरचा टँकर धरला तर जवळपास दीड टँकर! माणसाने कितीही पोहे-जलेबी खाल्ली तरी रोज एवढं रक्त नव्याने बनणं अशक्य. अंगात एकूण रक्त असतं पाचेक लिटर. तेव्हा तेच रक्त परत येत असलं पाहिजे, आणि निवांत बसलेल्या माणसातही ते साधारण मिनिटाला एक फेरा पुरा करतं.

आता हार्वेचा दुसरा पुरावा. तो मी आत्याच्याच हातावर करून पाहिला. वय झालेल्या हाताची कातडी पातळ असते, शिरा ठळक दिसतात, त्यामुळे प्रयोग छान जमतो. हात खाली सोडायचा, मागच्या बाजूची एक लांब शीर निवडायची. बोटांकडच्या टोकाला एका बोटाने दाबून धरायचं आणि दुसऱ्या बोटाने त्या शिरेतलं रक्त मनगटाकडे निपटून न्यायचं. मग हे दुसरं बोट उचलायचं. शीर रिकामीच राहते, चपटी! मनगटाकडे एवढं रक्त आहे, पण ते मागे येत नाही. एका ठरावीक जागी बारीकशी गाठ दिसते आणि रक्त तिथेच अडतं. आता पहिलं बोट उचला. खालून रक्त सरकन येऊन शीर भरते. आत्याने हे तीनदा करायला लावलं आणि मग दुसऱ्या हातावर स्वतः केलं.

ती गाठ म्हणजे झडप. शिरेच्या आतल्या अस्तराच्या दोन नाजूक पाकळ्या, हृदयाच्या दिशेनेच उघडणाऱ्या. त्यांचं सविस्तर वर्णन पादुआच्या फाब्रिसियसने १६०३ साली छापलं होतं. हार्वे त्याचाच विद्यार्थी. पण रक्त पायांत तुंबू नये म्हणून या झडपा त्याचा वेग कमी करतात, असं गुरुजींना वाटलं. या झडपा रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात, हे शिष्याला दिसलं. या झडपांनीच मला वाटेला लावलं, असं हार्वेने म्हातारपणी रॉबर्ट बॉइलला सांगितलं होतं. रोहिणीतून नीलेत रक्त नेमकं कुठून जातं हे मात्र त्याला बघायला मिळालं नाही. तो १६५७ साली गेला आणि चार वर्षांनी माल्पिगीने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या. (आम्ही हिंदी शाळेत धमनी आणि शिरा शिकलो, रोहिणी आणि नीला हे शब्द घरातल्या मराठी पुस्तकांतून आले. मला हेच जास्त आवडतात.)

तर आत्याचा प्रश्न. हृदयातून निघताना रक्ताचा सरासरी दाब पाऱ्याच्या ९५ मिलीमीटरच्या आसपास असतो. केशवाहिन्यांच्या जाळ्यातून बाहेर पडेपर्यंत त्यातले १५च्या आसपास उरतात. एवढ्या भांडवलावर पायातलं रक्त सव्वा मीटर चढायचं कसं?

गवंडी दोन भिंतींची पातळी जुळवायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतो, ती आठवा. एका बाजूचं उतरतं पाणी दुसऱ्या बाजूच्या चढत्या पाण्याला तोलून धरतं. पायातल्या रक्तवाहिन्याही अशाच एकमेकींना जोडलेल्या आहेत, म्हणून उरलेला थोडा दाबही तत्त्वतः पुरतो. पण गवंड्याची नळी पाण्याच्या भाराने फुगत नाही. नीला पातळ भिंतीची, मऊ आणि ताणली जाणारी असते. स्तब्ध उभं राहिलं की घोट्याजवळच्या नीलेवर वरच्या रक्ताच्या स्तंभाचा ९० मिलीमीटरच्या आसपास दाब पडतो. ती फुगते आणि रक्त साठवत बसते. अंथरुणातून उठून उभं राहिलं की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त छातीकडून खाली उतरतं.

इथे पोटरी कामाला लागते. पायाच्या खोल नीला पोटरीच्या स्नायूंमध्ये दाबून बसलेल्या असतात. पाऊल टाकलं की स्नायू आवळतो, नीला पिळली जाते आणि आतलं रक्त उसळतं. खाली जायला झडप वाट देत नाही, म्हणून ते वर जातं. स्नायू सैल पडला की रिकाम्या झालेल्या नीलेत खालून आणि कातडीलगतच्या शिरांतून नवं रक्त येतं. चालू लागल्यावर काही पावलांतच घोट्याचा तो ९०चा दाब तीसच्या खाली येतो. पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते यासाठी.

जांघेच्या वर झडपा विरळ होत जातात आणि पोटातल्या महानीलेत तर नसतातच. तिथून पुढचं काम श्वास करतो. श्वास आत घेताना छातीतला दाब उतरतो, छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा खाली येऊन पोटातला दाब वाढवतो, आणि रक्त छातीकडे ओढलं जातं. नळाला कमी दाबाने पाणी येतं म्हणून लोक लाइनला टिल्लू पंप लावतात (लावतात सगळे, कबूल कुणी करत नाही), तसाच हा छातीतला टिल्लू.

हृदय आल्याहून जास्त रक्त पाठवू शकत नाही. जास्त भरलं तर ते जास्त जोराने आवळतं, कमी भरलं तर बाहेर पडणारं रक्तही कमी. शाळेच्या प्रार्थनेत सावधान उभी असलेली मुलं कोसळतात ती यामुळेच. पोटऱ्या ताठ, हालचाल नाही, रक्त पायांत, आणि मेंदूला जेमतेम. कोसळणं हा खरं तर शरीराचा बिनचूक इलाज असतो, कारण आडवं झालं की चढच उरत नाही. आपण मात्र धावत जाऊन त्या मुलाला बगलेत धरून उभं करतो. त्याला निजू द्यावं, पाय थोडे उंच करावेत.

आत्याच्या पायांत बिघडल्या आहेत त्या झडपा. वय, आनुवंशिकता, बाळंतपणं, वर्षानुवर्षं उभं राहणं, यांनी नीला ताणली जाते. पाकळ्या एकमेकींना भिडेनाशा होतात आणि रक्त वरून खाली गळू लागतं. मग खालच्या झडपेवर भार, तीही हरते. कातडीलगतच्या शिरांना स्नायूंचा आधार नसल्याने फुगतात त्याच. त्या निळ्या दिसतात म्हणून आत्या त्याला ‘नासकं रक्त’ म्हणते. ते नासकं नाही आणि निळंही नाही; सुईतून काढलं तर गडद लाल निघतं. निळेपणा कातडीतून परतणाऱ्या उजेडाचा. पाठ्यपुस्तकातलं ‘अशुद्ध रक्त’ हे नावही अन्यायाचंच आहे, कारण आरामात असताना परतणाऱ्या रक्तात जवळपास तीन-चतुर्थांश ऑक्सिजन शिल्लक असतो.

इंदूर-पुणे रात्रीच्या बसमधून उतरताना चपला घट्ट होतात, तोही हाच हिशेब. पाय लोंबते, पोटरी झोपलेली. बसल्या जागी टाचा वर-खाली केल्या तरी पंप चालतो. मात्र एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, गरम लागली तर तेलमालिश करत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. खोल नीलेत गुठळी झाली असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

राहिले ते मोजे. ते घोट्याशी सर्वांत घट्ट आणि वर जाताना सैल होत जातात. बाहेरून दाबून ते फुगलेली शीर अरुंद ठेवतात. घालायचे ते सकाळी, अंथरुणातून उतरण्याआधी, नीला रिकाम्या असताना. आत्याला हे सगळं पटलं आहे. पण चहा झाल्याशिवाय ती कुठलंच काम करत नाही, आणि तिचा चहा ओट्यापाशी उभ्यानेच होतो. तोवर पाय भरलेले असतात, आणि मग एक मोजा चढवायला दोन माणसं लागतात.