होलोडोमोर

सोव्हिएत संघातील युक्रेन प्रजासत्ताकात १९३२–३३ मध्ये पडलेला महादुष्काळ. त्याचे मुख्य कारण अवर्षण नव्हे, तर घाईने लादलेले शेतीचे सामूहिकीकरण आणि सक्तीची धान्यवसुली. त्याच्या कालमर्यादेबाबत एकमत नाही. काही अभ्यासक तो १९२९–३० पासून मोजतात. १९३२ च्या पूर्वार्धात युक्रेनमध्ये भूकबळी पडले होते, हेही खरे. परंतु बहुतांश मृत्यू १९३३ च्या पहिल्या सहामाहीतले असल्याने नोव्हेंबर १९३२ ते १९३३ चा उन्हाळा हा काळ धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

१९२९ अखेर स्टालिनने खाजगी शेती मोडून कोलखोज, म्हणजे सामूहिक शेते, उभारण्याचा वेग वाढवला. ‘कुलक’ ठरवलेल्या सधन शेतकऱ्यांना वर्ग म्हणून नाहीसे करण्याचा कार्यक्रम जानेवारी १९३० मध्ये मंजूर झाला. १९३०–३१ या दोन वर्षांत सुमारे १८ लाख माणसे घरादारातून उठवून दूरच्या प्रदेशांत पाठवण्यात आली. कुलक कोण याची व्याख्या कधीच पक्की नव्हती. जिल्ह्याला आकडा ठरवून दिलेला असे आणि तो भरला जाई.

१९३२ चे पीक नेमके किती आले, हा वाद अजून मिटलेला नाही. सोव्हिएत संघाचा सरकारी आकडा जवळपास ७ कोटी टन आहे. नंतरच्या संशोधकांचे अंदाज साधारण ५ ते ६ कोटी टनांच्या दरम्यान येतात. उभ्या पिकावरून काढलेला अंदाज आणि खळ्यातून प्रत्यक्ष कोठारात आलेले धान्य यांत कापणी, मळणी व वाहतुकीतील नासाडीचा फरक पडतो. १९३३ पासून तर उभ्या पिकाचा अंदाज हीच अधिकृत पद्धत झाली, त्यामुळे पुढील वर्षांशी तुलना करतानाही जपावे लागते. पीक मुळातच कमी होते, असे अमेरिकन इतिहासकार मार्क टाउगर दाखवतात आणि त्यावरून दुष्काळ हेतुपुरस्सर नव्हता असे अनुमान काढतात. पहिले विधान बरेचसे ग्राह्य आहे, दुसरे त्यातून निघत नाही. पीक जितके कमी मानावे, तितका वसुली चालू ठेवण्याचा निर्णय अधिक गंभीर ठरतो. १९३२ मध्ये धान्याची निर्यात घटली, पण थांबली नाही; ती १७ लाख टनांच्या आसपास होती.

हेतूच्या चर्चेत आदेशांचा क्रम अधिक उपयोगी पडतो. ७ ऑगस्ट १९३२ च्या कायद्याने सामूहिक मालमत्तेच्या चोरीला मृत्युदंड किंवा किमान १० वर्षे कैद ठरवली. शेतात पडलेली कणसे वेचणारेही त्यात सापडले, म्हणून लोक त्याला ‘पाच कणसांचा कायदा’ म्हणत. नोव्हेंबरमध्ये वसुली न पुरवणारी गावे काळ्या यादीत टाकली गेली. अशा गावात मीठ, काडेपेटी, रॉकेलसुद्धा मिळेनासे झाले. धान्य नसेल तर दंड म्हणून मांस आणि बटाटे वसूल करायचे होते. झडतीची पथके लोखंडी सळया घेऊन येत. चुलीमागची भिंत, घराची जमीन, गंजीतला पेंढा सळईने टोचून पाहत. २२ जानेवारी १९३३ च्या निर्देशाने युक्रेन आणि उत्तर कॉकेशसमधील कुबान येथील शेतकऱ्यांना बाहेर पडण्यास बंदी झाली. मार्चच्या मध्यापर्यंत २ लाखांहून अधिक लोक अडवले गेले व बहुतेकांना गावी परत धाडले. परकीय चलन मिळवण्यासाठी काढलेल्या ‘तोर्गसिन’ दुकानांत पीठ मिळे, पण सोन्याच्या बदल्यात. लग्नातल्या अंगठ्या तिथे तोलून दिल्या गेल्या. फेब्रुवारीपासून थोडे धान्य परत आले. ते प्राधान्याने बियाण्यासाठी आणि शेतावर राबू शकणाऱ्यांसाठी होते.

युक्रेनमधील मृतांचा आकडा बहुतेक लोकसंख्याशास्त्रज्ञ ३५ ते ५० लाखांच्या दरम्यान धरतात. त्यांतला सुमारे ३९ लाखांचा अंदाज सध्या अधिक आधारभूत मानला जातो. एक कोटीच्या वरचे आकडे सावधपणे घ्यावेत. १९३७ च्या जनगणनेत सोव्हिएत संघाची लोकसंख्या सुमारे १६ कोटी २० लाख भरली. १९३४ मध्येच स्टालिनने १६ कोटी ८० लाख जाहीर केली होती. जनगणना रद्द झाली आणि तिचे प्रमुख अधिकारी पकडले गेले.

बाहेरच्या जगाला काहीच कळले नाही, हे म्हणणे टिकत नाही. मार्च १९३३ मध्ये गॅरेथ जोन्स या वेल्श पत्रकाराने बर्लिनमध्ये दुष्काळ जाहीरपणे सांगितला. न्यूयॉर्क टाइम्सचे मॉस्को वार्ताहर वॉल्टर ड्युरँटी यांनी दोन दिवसांत तो नाकारला. सप्टेंबरमध्ये मात्र ब्रिटिश वकिलातीत त्यांनी एक कोटीपर्यंत बळी गेले असावेत असे खाजगीत सांगितले. त्याच महिन्यात नॉर्वेचे पंतप्रधान मोविन्केल यांनी राष्ट्रसंघाच्या परिषदेपुढे हा विषय नेला. परिषदेने तो रेडक्रॉसकडे ढकलला आणि मॉस्कोने दुष्काळ असल्याचेच नाकारले. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने सोव्हिएत सरकारला मान्यता दिली. १९२१ च्या दुष्काळात याच राजवटीने अमेरिकी मदत स्वीकारली होती, त्यामुळे मॉस्कोचा हा नकार अज्ञानातून आला असे म्हणता येत नाही. (दुष्काळ जाहीर न करण्याचा प्रघात एकाच विचारसरणीचा नव्हे. १९४३ मध्ये बंगालमध्ये ब्रिटिश सरकारने स्वतःचीच दुष्काळ संहिता लागू केली नाही.)

हा वंशसंहार होता काय? ही संज्ञा घडवणारे राफाएल लेम्किन यांनी १९५३ मध्ये तसे म्हटले. वंशसंहारविषयक १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारात मात्र राष्ट्रीय, वांशिक आणि धार्मिक गटांनाच संरक्षण आहे. राजकीय गट मसुद्यातून वगळले गेले, त्यात सोव्हिएत विरोधाचा मोठा वाटा होता. म्हणून वाद शेतकरी म्हणून मारले की युक्रेनी म्हणून, यावर येऊन ठेपतो. इतिहासकार डेव्हिस व व्हीटक्रॉफ्ट यांना हेतू दिसत नाही, चुकीचे आणि निर्दय धोरण दिसते. इटालियन इतिहासकार आंद्रेआ ग्राझिओसी सर्वसाधारण सोव्हिएत दुष्काळ आणि १९३२ च्या शरदानंतरचे युक्रेन वेगळे काढतात. १४ डिसेंबर १९३२ च्या आदेशात धान्यवसुलीबरोबर युक्रेनी भाषाधोरणावरही घाव आहे. हे पाहता ग्राझिओसी यांची मांडणी अधिक पटते. युक्रेनने २००६ मध्ये कायद्याने, जर्मन संसद व युरोपीय संसदेने २०२२ मध्ये ठरावाने वंशसंहार मानला. रशियाला ही भूमिका मान्य नाही.

सोव्हिएत संघातल्याच कझाकस्तानात १९३०–३३ मध्ये भटक्या पशुपालकांना सक्तीने स्थिर करताना सुमारे १५ लाख माणसे मेली. लोकसंख्येच्या प्रमाणात ही हानी युक्रेनपेक्षा मोठी आहे.