द्राक्षाच्या जेलीतली ती काच

मागच्या मार्चमध्ये दादरहून काळ्या द्राक्षांची दोन किलोची पेटी आणली, लोकलच्या गर्दीत खालचे घड चेपलेच, म्हटलं आता एवढी खाऊन काही संपत नाहीत, जेली करून टाकू. जेली दिसायला सुंदर झाली, जांभळी, उजेडात धरली की आरपार दिसणारी. आठवड्याने आत्या आली, तिने पोळीला लावून खाल्ली आणि दाताखाली कचकन काहीतरी आलं. बघतो तर बारीक चकाकणारे खडे. आत्या म्हणाली, "काच आहे रे ही, बाटली तडकली असणार, ठेवू नकोस घरात." चारही बाटल्या टाकल्या. जीव हळहळला अगदी.

नंतर कळलं की ती काच नव्हती, ती द्राक्षातूनच आली होती. द्राक्षात टार्टारिक आम्ल असतं, तेच जे चिंचेत असतं, आणि फळांमध्ये ते इतक्या प्रमाणात फार थोड्या ठिकाणी सापडतं. द्राक्षातल्या पोटॅशियमशी जुळून त्याचं जे मीठ बनतं ते म्हणजे बेकिंगवाले वापरतात ते क्रीम ऑफ टार्टर. गंमत त्याच्या विरघळण्यात आहे. उकळत्या १०० मिलिलीटर पाण्यात ते ६ ग्रॅमच्या आसपास विरघळतं, पण साध्या पाण्यात जेमतेम अर्धा ग्रॅम. म्हणजे गरम रसात गुपचूप बसलेलं असतं आणि बाटली थंड झाली की हळूहळू खडे धरायला लागतं. शंका आली तर एक खडा वाटीत कडकडीत पाण्यात टाकून ढवळा, विरघळला तर टार्टर, नाही विरघळला तर मात्र सरळ सगळं टाकून द्या, तिथे धोका पत्करायचा नाही.

उपाय एकदम सोपा. रस काढला की लगेच जेली करायची नाही, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचा, जमलं तर पूर्ण एक दिवस. सकाळी भांड्याच्या तळाला खरखरीत थर बसलेला दिसतो. भांडं न हलवता वरचा रस अलगद ओतून घ्यायचा आणि परत गाळायचा. यंदा मी तो तळाचा थर खरवडून काळ्या पडलेल्या तांब्याच्या गडूवर चोळला, लख्ख निघाला, जसा चिंचेने निघतो तसाच, कारण आम्ल तेच की.

रस काढताना द्राक्षं थोड्या पाण्यात शिजवून, चेचून, जुन्या पंच्यात बांधून चक्क्यासारखी टांगून ठेवायची. घाईने पिळलीत तर गर खाली येतो आणि जेली गढूळ होते.

आता जेली धरते कशी ते बघू. फळाच्या पेशींच्या भिंतीत पेक्टिन नावाची खळ असते. आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये तिला हे नाव दिलं, गोठलेलं अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. या खळीच्या लांबच लांब साखळ्या असतात आणि रसात त्यांच्यावर ऋण भार असतो, त्यामुळे त्या एकमेकींना दूर ढकलतात. आंबटपणा वाढला, पीएच (आंबटपणाचं माप, जितकं आंबट तितका आकडा कमी) ३ च्या आसपास आला, की तो भार कमी होतो. तरी मध्ये पाणी असतंच, ते साखर ओढून घेते, आणि मग या साखळ्या एकमेकींना धरतात, त्यांचं जाळं होतं आणि सगळा रस त्यात अडकून बसतो. तिघांपैकी एक कमी पडलं की सरबत.

आपल्याकडे नाशिक-सांगलीहून येणारी द्राक्षं खायला गोड, पण पूर्ण पिकली की पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही उतरतं. म्हणून पेटीत पाव भाग तरी कच्चट द्राक्षं घ्यावीत, वरून लिंबू पिळावं, आणि शिजताना एखादा अर्धाकच्चा पेरू चिरून टाकला तर फारच बरं. कवठाची जेली हमखास धरते ती याच पेक्टिनमुळे, आणि कवठं नेमकी महाशिवरात्रीच्या सुमाराला येतात, द्राक्षांच्याच हंगामात.

एक वाटी रसाला पाऊण वाटी साखर घेऊन मोठ्या आचेवर भराभर आटवायचं, थोडं थोडंच करायचं, कारण फार वेळ उकळलं तर पेक्टिनच तुटतं. मुंबई समुद्रसपाटीला असल्यामुळे १०४-१०५ अंशाला साखर ६५ टक्क्यांच्या जवळ येते आणि जेली तयार होते. हेच महाबळेश्वरला केलंत तर तिथे पाणीच ९६ अंशाच्या आत उकळतं, तेव्हा आकडाही तेवढाच खाली घ्यावा लागेल. थर्मामीटर नसेल तर थंड चमच्याने उचलून बाजूने ओघळू द्या, दोन थेंब एक होऊन पडद्यासारखे सुटले की गॅस बंद. पाकाची तार बघणाऱ्यांना हे लगेच जमेल.

बाटलीबंद करण्याची युक्ती निकोला आपेर या फ्रेंच हलवायाची. त्याने ती १८१० मध्ये छापली, जंतूंमुळे अन्न नासतं हे दाखवणारा पाश्चर तेव्हा जन्मलाही नव्हता! गरम जेली गरम बाटलीत, वर पाव इंच जागा सोडून भरायची, काठ पुसायचा, नवं झाकण लावायचं (जुन्या झाकणातली रबरासारखी कडा एकदा दबली की परत नीट बसत नाही), आणि पातेल्यात तळाला जाळी ठेवून, बाटल्यांवर इंचभर पाणी येईल इतक्या उकळत्या पाण्यात १० मिनिटं. बाहेर काढल्यावर आतली हवा आकसते आणि झाकण टक्क आवाज करून आत खेचलं जातं. तो आवाज ऐकायला मी ओट्यापाशी उभाच राहतो. नुसती बाटली पालथी घालून हे काम खात्रीने होत नाही.

एक सांगायलाच हवं, उकळत्या पाण्याची ही पद्धत फक्त आंबट पदार्थांची. पीएच ४.६ च्या खाली बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाढत नाही, म्हणून जेलीला चालतं. भाजी, आमटी, डाळ अशी भरून ठेवू नका, जिवाशी खेळ आहे तो.

ज्या बाटलीचं झाकण आत गेलं नाही ती फ्रीजमध्ये ठेवून आधी संपवा. उघडलेली बाटली पण फ्रीजमध्येच, चमचा कोरडा, कारण जूनपासून आपल्या हवेत बुरशीला निमित्तच लागतं, आणि एकदा ती धरली की वरची काढून खालची खायची नाही, पूर्ण बाटली टाकायची. यंदाच्या पाचपैकी दोन आत्याकडे गेल्यात, परवा तिचा फोन आला, चमचाभर जेली तिने उजेडात धरून नीट पाहिली म्हणे आणि मगच पोळीला लावली.